गोल्फला चौघी हव्यात

आमच्या ऑफिसातले गोल्फवाले लोक बाहेरदेशी जाऊन खेळून येतात आणि आल्यावर ग्रुपवर प्रवासवर्णनं टाकतात. हॉटेलची खिडकी, नाश्त्याची ताटली, हिरवंगार मैदान आणि त्यात कमरेवर हात ठेवून उभे असलेले ते स्वतः. मी आजवर त्यांची सगळी वर्णनं वाचली, खाली पसंतीचे अंगठेही टाकले. आता त्यांनी माझं वाचावं. गोल्फच्या तयारीसाठी मीही नुकताच एक दौरा करून आले, तो हिंगोली जिल्ह्याचा. सेनगाव, औंढा नागनाथ, आखाडा बाळापूर. तिकडे गोल्फचं मैदान आहे का, असं विचारायला ज्यांनी तोंड उघडलं असेल त्यांनी ते मिटावं. नाही. मैदान इथेच आहे, पुण्याच्या बाहेर. माझ्याकडे माणसं नव्हती, ती जमवायला मी गेले होते.

हे मैदान सार्वजनिक आहे. सभासद असायला लागत नाही, कुणीही पैसे भरून खेळावं. नऊ खड्डे आहेत. काठीनं चेंडू मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचा आणि ज्याचे फटके कमी तो जिंकला, इतका साधा हिशेब. फक्त रविवारी सकाळी गर्दी असते म्हणून तिथे चौघांच्या गटालाच वेळ मिळते. एकट्यादुकट्यानं काउंटरपाशी ताटकळायचं, कुणी घेतलं तर घेतलं. मी ऑफिसातल्या तिघांबरोबर जायची. त्यांचा चौथा माणूस बदलीवर गेला होता आणि मी नुकतीच शिकत होते, म्हणून माझी सोय झाली. पन्नाशी उलटल्यावर मला एखादा खेळ इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. चेंडू बराबर बसला की हातातून खांद्यापर्यंत जो गोडवा जातो, त्याच्यासाठी मी आठवडाभर इन्शुरन्सच्या फायली उपसायची.

मग एक दिवस त्या तिघांतला पराग कँटीनमध्ये माझ्यासमोर चहा घेऊन बसला. "मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला, "आम्हाला चौथा मिळालाय. तुम्ही जरा हळू खेळता ना, सगळ्यांना थांबावं लागतं." माझं तोंड पाहून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो हसून पुढे म्हणाला, "तुम्ही तुमचा गट करा की. गावाकडची आणा चार माणसं."

राग मानू नका म्हणाला, पण मी मानला. चांगला पोटभर मानला. त्याच संध्याकाळी मैदानाच्या काउंटरवर फोन लावून पुढच्या महिन्यातल्या एका रविवारची सकाळची पहिली वेळ मागितली. काउंटरवरचा माणूस बरा होता. चौघांत एकाला खेळ येत असला तरी चालतं, म्हणाला, पण बाकीच्यांनी चेंडू मारायचा सराव करून यावं, अंगात कॉलरचा शर्ट असावा आणि चारही नावं त्या रविवारच्या आठवडाभर आधीच्या शनिवारपर्यंत कळवावीत, नाहीतर वेळ दुसऱ्याला जाईल. पुण्यातल्या मैत्रिणींना विचारून झालं. एकीचे गुडघे, एकीची नात, एकीला ऊन सोसत नाही. गावाकडची आणा म्हणाला होता ना, मग गावाकडचीच आणते, असं म्हणून मी रजा टाकली.

सेनगाव

हिंगोलीहून सेनगावला जाणाऱ्या लाल गाडीत मी चढले तेव्हा माझ्या खांद्यावर सतरंजीत गुंडाळलेल्या गोल्फच्या काठ्या होत्या. कंडक्टरनं त्या गुंडाळीला बोट लावलं.

"काय हाय हे बाई, नळाचे पाइप?"

"खेळायच्या काठ्या आहेत."

"लेकराच्या?"

"माझ्या."

त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. ते आता काळ्यापेक्षा पांढरेच जास्त आहेत. मग त्यानं तिकीट फाडलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं मात्र सतरंजीचं टोक उचलून एक काठी नीट न्याहाळली, हातात तोलली आणि "वानरं हाकलायला बरी हाय," असा निकाल दिला. मला हा निकाल पुण्यातल्या सगळ्या निकालांपेक्षा आवडला.

सोयाबीन निघून गेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी, मोकळी रानं, मध्येच पिवळ्या फुलांवर आलेली तूर, आणि कापसात वाकलेल्या बाया. पुण्यात आम्ही ज्याला मोकळी जागा म्हणतो ती इथल्या एखाद्या बांधावर मावेल. कयाधूच्या पुलावरून जाताना पाण्याकडे बघून मला उगाचच बरं वाटलं.

सेनगावात माझा भाऊ प्रकाश जीप चालवतो आणि भावजय संगीता शिवणकाम करते. मशीन दारातच. तिनं मान वर केली, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "जयभीम ताई. सांगून यायचं की वो." मग अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा समोर आला आणि मी जेवता जेवता माझं काम सांगितलं.

"म्हंजी काठीनं चेंडू मारत न्यायचा आन खड्ड्यात घालायचा," संगीता म्हणाली.

"हो."

"आन मंग?"

"मग बाहेर काढायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे जायचं."

"काहून?"

मला हा प्रश्न पुण्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, बरं वाटतं. संगीतानं यावर थोडा विचार केला आणि मान डोलावली. बरं वाटण्यासाठी काही करावं यात तिला काहीच गैर दिसलं नाही.

प्रकाशला दिसलं. "ते मोठ्या लोकाहिचं असतंय, अक्का," तो म्हणाला.

"तू कोण छोटा आहेस?"

आमच्या घरात 'ते आपल्यासाठी नाही' या वाक्याला कधी कुणी चहा विचारला नाही. बाबांनी विचारला नाही, आईनं तर नाहीच, आणि माझा भाऊ ते वाक्य तोंडात घेऊन बसलाय हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण जीप त्याची होती आणि पुढचा सगळा प्रवास त्याच जीपनं करायचा होता, म्हणून मी आणखी एक भाकरी मागितली.

अडचण आली ती कपड्यांची. मी पिशवीतून कॉलरचे टीशर्ट काढले. संगीतानं त्यातला एक अंगाला लावून पाहिला आणि परत घडी घातली. "म्या साडीवर जानार," ती म्हणाली. मी म्हटलं, तिथे कॉलर लागते, नियम आहे. तिनं विचारलं, साडी नको असा नियम हाय का? मी आठवून पाहिलं. मैदानाच्या पाटीवर कॉलरचा उल्लेख होता, जीन्स चालत नाही असं होतं, सपाट तळाचे बूट हवेत असं होतं. साडीबद्दल एक अक्षर नव्हतं. पाटी लिहिणाऱ्याच्या मनातच ते आलं नसणार.

संध्याकाळपर्यंत संगीतानं चार ब्लाऊजना कॉलर बसवून दिल्या. पुरुषांच्या शर्टाला असते तशी, आत कॅनव्हास घातलेली, कडक, टोकदार कॉलर. माझं माप तिच्याकडे होतंच, ज्या दोघींना आम्ही पुढे गाठणार होतो त्यांचं तिनं अंदाजानं धरलं आणि शिवणीत जास्तीच्या कापडाची माया ठेवली. मी कॉलरचं ब्लाऊज आणि साडी घालून आरशासमोर उभी राहिले. ऑफिसातल्या एकाही माणसाची कॉलर इतकी ताठ नाही.

औंढा नागनाथ

औंढ्याला माझी शाळेतली मैत्रीण मीरा राहते. देवळाच्या वाटेवर तिचं बेल-फुलांचं दुकान आहे. शाळेत असताना इट्टी-दांडूत तिनं मारलेली इट्टी पोरांना सापडायची नाही, म्हणून ते तिला खेळायला घेत नसत. मी जिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवून होते ती हीच.

प्रकाशच्या जीपनं संगीता आणि मी पोचलो तेव्हा दुकानापुढे भाविकांची रांग होती. मीरानं आम्हाला आत ओढून फुलांच्या पाट्यांमध्ये बसवलं, शेजारच्या हॉटेलातून सुशीला मागवला, आणि हार गुंफत गुंफतच माझं म्हणणं ऐकलं. पुण्यातल्या लोकांना सुशीला म्हणजे काय ते माहीत नसतं. भिजवलेले चुरमुरे, कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलका आणि पोह्यांपेक्षा गुणी. आमच्या मैदानाच्या कँटीनमध्ये सँडविच मिळतं, त्यात काकडी असते आणि आणखी काहीच नसतं.

"रविवारी?" मीरा म्हणाली. "सोमवारच्या हाराची तयारी रविवारीच असतीय, सुजे."

"तुझा नवरा करेल."

"त्याच्या हातचा हार देवाच्या गळ्यात जाईस्तोवर सुटतो." पण तिचे डोळे माझ्या सतरंजीकडे गेले होते. "दाखीव तरी."

दुकानामागे एक मोकळा प्लॉट होता, पलीकडे सागाची झाडं असलेली टेकडी. मी तिला सगळ्यात साधी काठी दिली, पाय कसे ठेवायचे, मान कशी खाली ठेवायची ते सांगायला लागले. तिनं माझं अर्धं ऐकलं. पदर खोचला, काठी मागं नेली आणि मारली. चेंडू उठला तो टेकडीच्या दिशेनं न जाता डावीकडे वळला आणि हॉटेलच्या पत्र्यावर असा काही आदळला की आतली गिऱ्हाइकं हातात कप घेऊन बाहेर आली. हॉटेलवाला वर बघत राहिला. त्याला वाटलं वानर आलं.

मीरानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती. तो गोडवा तिच्या खांद्यापर्यंत गेला होता, मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आनखी एक दे," ती म्हणाली. आणि दुसरा मारून झाल्यावर, नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "म्या रविवारी पुन्याला जाऊन राहिले. सोमवारचे हार तुमी करा."

तो आतून काहीतरी म्हणाला. सोमवारची गर्दी, दुखणारी पाठ, असलं काहीतरी असावं. मीरानं बेलाची पाटी उचलून त्याच्यासमोर ठेवली आणि सरावाला म्हणून आमच्याबरोबर जीपमध्ये येऊन बसली. दोघी झाल्या, मी धरून तिघी.

आखाडा बाळापूर

बाळापूर माझं आजोळ. मोठं गाव, वाहता रस्ता, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. तिथे विमलमावशी आहे. सख्खी मावशी नाही, आईची मैत्रीण. दोघी तरुणपणी एकाच टोळीत खुरपायला जायच्या आणि आता आई नसली तरी टोळी आहे, आणि ती मावशीच चालवते. सत्तरी गाठली तरी तिचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. मराठा घर, थोडी जमीन स्वतःची, पण दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची तिनं कधी लाज बाळगली नाही. मी लहान असताना सुट्टीत तिच्याच हाताखाली खुरपायला शिकले.

तिला मनवायला काहीच कष्ट पडले नाहीत. "पुन्याला न्हाई गेले म्या कधी," ती म्हणाली. "चाल." कॉलरचं ब्लाऊज तिनं तिथल्या तिथे चढवलं, ते दंडात घट्ट झालं तर संगीतानं उभ्या उभ्या माया सोडली. बूट कोणते घालायचे विचारल्यावर तिनं कापसाच्या दिवसांत वापरायचे कॅनव्हासचे बूट दाखवले. मला वाटलं, झालं. चौघी झाल्या, आता फक्त सराव.

तो शनिवार होता. संध्याकाळपर्यंत मला नावं कळवायची होती.

मावशीच्या रानातलं सोयाबीन निघालं होतं आणि हरभरा अजून पेरायचा होता, म्हणजे गोल्फला याहून चांगली जमीन मिळाली नसती. धसकटं होती, ढेकळं होती, पण उघडं, सपाट, लांबच लांब रान. खुरप्यानं तीन खड्डे केले, त्यात रिकामे डबे बसवले, काठीला जुन्या साडीची पट्टी बांधून एकेक निशाण रोवलं. एका कडेला तूर, दुसऱ्या कडेला सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. पुण्याच्या मैदानात वाळूचे खड्डे मुद्दाम करून ठेवतात, म्हणजे खेळणाऱ्याला तकलीफ व्हावी. आम्हाला काही करावं लागलं नाही.

पहिला डबा बरा गेला. मीराचा चेंडू सगळ्यांच्या पुढे, मावशीचा त्याच्या मागे, माझा त्याच्या मागे, संगीताचा पार मागे. संगीताला चेंडू मारायचा कमी आणि ढेकूळ फोडायचं जास्त जमत होतं. तिचा दुसरा फटका कुटारात गेला. आम्ही चौघींनी कुटार उपसून चेंडू काढला, तोवर आमच्या साड्यांना भुसा लागला होता आणि संगीता हसून हसून खाली बसली होती.

दुसऱ्या डब्याला मात्र ती रडकुंडीला आली. चार वेळा मारलं, चार वेळा चेंडू वितभर सरकला. मीरा केव्हाच डब्यापाशी जाऊन उभी होती. मी पुढे निघाले, कारण खेळात तसंच असतं, ज्यानं त्यानं आपला चेंडू मारत जायचं. मागे वळून पाहते तर विमलमावशी उलटी चालत संगीताकडे गेलेली. तिनं संगीताला बाजूला केलं, काठी उगारली आणि संगीताचा चेंडू ठोकून आमच्या रांगेत आणून सोडला. मग दोघी शांतपणे चालत पुढे आल्या.

"मावशी, असं चालत नाही."

"काय झालं?"

"दुसऱ्याचा चेंडू मारायचा नसतो. तिचा तिनंच मारायचा."

"ती मागं ऱ्हायली ना."

"राहू दे. ती येईल हळूहळू."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरात बूट घालून शिरले होते.

खुरपायला गेलेल्या बाया ओळीनं बसतात. एकेकीच्या वाट्याला जेवढी पट्टी येते तिला पात म्हणतात. कुणाचा हात चालतो, कुणाचा चालत नाही, कुणाला बाळाला पाजायला उठावं लागतं. जिची पात आधी सरते ती बांधावर जाऊन बसत नाही. ती मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते आणि दोघी मध्ये भेटेपर्यंत खुरपते. मग सगळ्या एकदम उठतात. हे कुणी सांगत नाही, शिकवत नाही, आणि न करणारीला कुणी पुन्हा टोळीत घेत नाही. मला हे माहीत होतं. मी स्वतः कितीदा मागे राहिले होते आणि समोरून मावशीचं खुरपं येताना पाहून माझा जीव भांड्यात पडला होता.

पण मी गोल्फ शिकून आले होते. मी म्हटलं, हे खुरपणं नाही, हा खेळ आहे, याचे नियम आहेत, तिकडे असं केलं तर लोक हसतील.

"कोन लोक?"

"तिथले."

"ते आपल्याला हसतेत म्हनून आपन संगीताला मागं टाकून जायचं?"

मीरा लांबून ओरडली, "अगं येता का न्हाई?" संगीता म्हणाली, "राहू द्या मावशी, ताई म्हनतात तसंच करू." पण मावशी ढेकळावर बसली. काठी आडवी मांडीवर घेतली.

"तुला त्या मानसाहिनं काहून सोडलं, ते एकदा सांग."

मी सांगितलं होतं तिला, आल्या आल्या, चहा घेताना, चांगलं रंगवून. तिला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "मी हळू खेळते म्हणून."

"आन आता तू तेच करून राहिली."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पुण्याहून इतक्या लांब आले, रजा घालवली, काठ्या खांद्यावर वागवल्या, आणि ही मला शिकवते? मी पुणेरी मराठी सोडून सरळ आमच्या बोलीत उतरले. म्हटलं, तुला यायचं नसंल तर नको येऊ. ती म्हणाली, व्हय, न्हाई येत. जिथं मागं ऱ्हायलेलीला सोडतेत तिथं म्या पाय ठेवत न्हाई. मीरा तोवर आली होती, तिनं दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली की मावशी येत नसली तर तीही येणार नाही, सोमवारचे हार आहेतच. संगीता कॉलरचं टोक बोटानं घासत राहिली.

मी बांधावर जाऊन बसले. ऊन उतरायला लागलं होतं. राग मावशीचा आला होता आणि तो टिकवायचा मी खूप प्रयत्न केला, पण डोळ्यांसमोर कँटीनमधला पराग येत होता आणि त्याच्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू येत होता. राहू दे, ती येईल हळूहळू.

नेमका तेव्हाच परागचा फोन आला. हात भुशानं आणि मातीनं भरले होते म्हणून फोन मांडीवर ठेवून मी स्पीकर लावला.

"मॅडम, एक चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी आमचा चौथा येत नाहीये. आम्ही म्हटलं मॅडमना घेऊ. तुम्ही हळू खेळता, पण एका दिवसाचा प्रश्न आहे, चालवून घेऊ आम्ही."

बाळापूरच्या त्या रानात आवाज भरपूर लांब जातो. तिघींनीही ऐकलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी धसकट उपटत होती. मीरानं काठी सतरंजीत ठेवायला घेतली. त्यांनी मनातल्या मनात मला सोडून दिलं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. त्या मला अडवणारही नव्हत्या, कारण मी जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

आणि खरं सांगते, जावंसं वाटलं. खरा गवताचा गालिचा, नीट कापलेला, चेंडू पाण्यावरून गेल्यासारखा जातो तो. एका होकारावर मिळत होता. सराव नको, जीप नको, कुणाची समजूत घालायला नको. होकार माझ्या जिभेवर आलाच होता.

"नको," मी म्हटलं.

"म्हणजे? मॅडम, तुम्हाला तर आमच्याबरोबर यायचं होतं..."

"यायचं होतं. आता नाही. मला चालवून घ्यायची गरज नाही, पराग. माझा गट आहे."

"कुठला गट?"

"तुम्हीच म्हणालात ना, गावाकडची आणा. आणतेय."

मी फोन ठेवला. मावशीनं धसकट टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही, मलाही ती आली नाही. मी बांधावरून उठले, संगीताचा चेंडू पडला होता तिथे गेले आणि तो मारला. फार लांब नाही गेला. तिथून पुढे मीरानं मारला आणि संगीतानं डब्यात घातला. एवढं झाल्यावर मी मैदानाच्या काउंटरला फोन लावला. शनिवार होता आणि सूर्य तुरीच्या शेंड्यांवर आला होता.

"बोला मॅडम, नावं मिळाली का?"

मी नावं सांगितली. विमल, मीरा, संगीता, सुजाता. तो लिहीत होता. पत्ता तुमचा पुण्याचाच लिहितो, म्हणाला. मी म्हटलं, चौघींच्या नावापुढे हिंगोली जिल्हा लिहा. मग मी त्याला आधीच सांगून टाकलं की आम्ही साडीवर येणार, कॉलर आहे, आणि आमच्यात जी मागे राहील तिचा चेंडू बाकीच्या मारतील, ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

त्यानं विचारलं, "स्पर्धा नाहीये ना तुमची?"

"नाही."

"मग तुमचा चेंडू तुम्ही कसाही मारा. माझी काळजी वेळेची आहे. पहिली वेळ तुमची, मागे रांग असते. नऊ खड्ड्यांना तुम्हाला किती वेळ लागेल, साधारण? हळू तर नाही ना खेळत कुणी?"

मी तोंड उघडलं, पण विमलमावशी फोनवर वाकली होती. शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलावं तसं ती बोलली.

"खेळतो की. हळूच खेळतो. चौघी संगट जानार, संगटच येनार. ज्याला घाई हाय त्याला म्हना, आमच्या कडंनं पुढं जा, आमी वाट देतो. आमची मात्र कोनी मागं ऱ्हानार न्हाई."

दिवसभर मी तिची काठी, तिचे पाय, तिची मान दुरुस्त करत आले होते, आणि पलीकडच्या माणसालाही वाटलं असावं की आता मी तिचं बोलणं दुरुस्त करीन. तो वाट बघत होता.

"लिहून घ्या," मी म्हटलं.